पंधरा दिवसांचा बिल्ला

मुलांनो, निवडणूक संपली की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर काय काय पडलेलं असतं, कधी नीट बघितलंय का? पताका, फाटकी पत्रकं, कागदी टोप्या, एखाद्या उमेदवाराचा हसरा चेहरा असलेला पुठ्ठा. सफाई कामगार तो ढीग गाडीत भरतात आणि विषय संपतो. प्रचाराचं सामान असतंच मुळी पंधरा-वीस दिवसांचं. ते टिकावं असं ते करणाऱ्यालाही वाटत नसतं. म्हणून पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा पत्र्याचा बिल्ला आज कुणाच्या घरी ट्रंकेत सापडला, तर समजावं की कुणाला तरी तो टाकवला नाही.

बिल्ले कसे मिळायचे ते आजी-आजोबांना विचारा. त्यांचे चेहरे बघा कसे खुलतात! प्रचाराची जीप गावात शिरायची, कर्ण्यातून ‘ताई, माई, अक्का’ सुरू व्हायचं आणि सगळी पोरं धुरळ्यात जीपमागे धावायची. मत द्यायचं वय नाही, पक्ष कुठला ते ठाऊक नाही, पण बिल्ला पाहिजेच! एकाच सदऱ्यावर चार पक्षांचे चार बिल्ले लावून मिरवणारे वीरही असायचे. त्यांच्याइतका निःपक्षपाती नागरिक पुन्हा सापडणं कठीण.

पण बिल्ल्यावर बहुतेक वेळा नावापेक्षा चित्रच मोठं का असायचं? त्यासाठी आपल्याला पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीकडे जावं लागेल. ती २५ ऑक्टोबर १९५१ला सुरू झाली आणि २१ फेब्रुवारी १९५२पर्यंत चालली. मतदार होते सतरा कोटींहून अधिक. आणि १९५१च्या जनगणनेप्रमाणे देशात शंभरातल्या जेमतेम अठरा जणांना लिहिता-वाचता येत होतं. मग मतपत्रिकेवरचं नाव वाचणार कोण? सुकुमार सेन हे तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्या वेळी असं ठरलं की प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवायची आणि पेटीवर त्याचं चिन्ह लावायचं. मतदारानं आडोशाला जायचं आणि हव्या त्या चिन्हाच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. झालं मतदान! चिन्हंही रोजच्या ओळखीची. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचं झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, जनसंघाची पणती, कम्युनिस्टांचं विळा-कणीस. डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती.

आता एक खेळ खेळूया. समजा, घरात एक जुना बिल्ला किंवा पत्रक सापडलं. त्यावर साल नाही. मग ते कधीचं, हे कसं ओळखाल?

पहिला धागा चिन्हाचा. बैलजोडी दिसली तर वस्तू बहुधा १९५१ ते १९६९ यांमधली. १९६९ साली काँग्रेस दुभंगली, चिन्हाचं भांडण कोर्टात गेलं आणि १९७१च्या निवडणुकीत इंदिरा गांधींचा पक्ष गाय-वासरू घेऊन उतरला. १९७८मध्ये आणखी एक फूट पडली, तेव्हापासून त्यांचा हात. नांगरधारी शेतकरी दिसला की १९७७ची जनता पक्षाची निवडणूक आठवायची. कमळ आलं १९८० साली भारतीय जनता पक्षाबरोबर. विळा-कणीस मात्र आपल्याला फसवतं, बरं का! ते पहिल्या निवडणुकीपासून बदललेलंच नाही. तिथे दुसरा धागा धरावा लागतो.

हा दुसरा धागा शब्दांचा, आणि मला तो जास्त आवडतो. पत्रकात ‘अमुक चिन्हाच्या पेटीत मत टाका’ असं असेल तर ते अगदी सुरुवातीच्या निवडणुकांचं. कारण १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत पद्धत बदलली होती. सगळ्यांची नावं आणि चिन्हं एकाच मतपत्रिकेवर आली, पेटी एकच झाली आणि मतदाराच्या हातात शिक्का आला. म्हणून ‘शिक्का मारा’ हे शब्द १९५२च्या पत्रकात सापडायचे नाहीत. पुढे यंत्रं आली. २००४ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर झाली आणि प्रचारात ‘बटण दाबा’ ऐकू यायला लागलं. पेटी, शिक्का, बटण. एकाच क्रियापदावरून अर्धं साल कळतं! व्याकरणाच्या तासाला जांभया देणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

शिवाय राज्याचं नाव बघा. १९५२ला महाराष्ट्र राज्य नव्हतंच. पुण्याचा मतदार तेव्हा मुंबई राज्यात होता, नागपूरचा मध्य प्रदेशात आणि नांदेडचा हैदराबाद राज्यात. तेव्हा नांदेडच्या जुन्या पत्रकावर ‘हैदराबाद’ दिसलं तर ती छापखान्याची चूक समजू नका. आणि पत्रकाच्या अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. प्रचाराच्या पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, असा आपल्याकडे कायदाच आहे. ती ओळ वाचल्याशिवाय पत्रक खाली ठेवायचं नाही.

असाच खेळ अमेरिकेतले संग्राहकही खेळतात. तिथे १८६० साली अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे होते. त्यांच्या प्रचाराच्या बिल्ल्यात लोखंडाच्या पातळ पत्र्यावर उतरवलेला, नखाएवढा खराखुरा फोटो असायचा. त्या फोटोत लिंकनना दाढी नाही! मतदानाला तीन आठवडे उरले असताना ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीनं त्यांना पत्र लिहिलं. तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवलीत तर छान दिसाल, असा तिचा सल्ला. लिंकननी उत्तर तर दिलंच, शिवाय दाढीही वाढवली. पुढच्या, म्हणजे १८६४च्या निवडणुकीतले बिल्ले दाढीचे आहेत. म्हणजे दाढी बघितली की साल कळलं. आपण बघतो तसे, छापील कागदावर सेल्युलॉइडचा पापुद्रा आणि मागे तारेची टाचणी असलेले बिल्ले त्यानंतर, १८९६च्या सुमाराला तिथे निघाले.

अशा वस्तू आपल्याकडे कुठे बघायला मिळतात? मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे. १८२१ साली त्याची सुरुवात झाली. पुण्यात पेशवे दप्तर आहे. तिथे जुने कागद मैलोगणती भरतील एवढे आहेत. पण ते मुख्यतः सरकारी कामकाजाचे. सरकार निकाल जपतं, किती मतं पडली ते जपतं. मतपत्रिका ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात. बिल्ला, टोपी, दोन रंगांत छापलेलं पत्रक, गावातल्या सभेचा फोटो हे सरकारी कागदच नव्हेत, मग ते दप्तरात जाणार कसे? ते राहतात तुमच्या-आमच्या माळ्यावर. तिथून एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातात. नशीब चांगलं असेल तर मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखाद्या जाणकाराच्या हाती लागतात. नाहीतर लगदा!

बिल्ल्याचं एक बरं असतं. तो मुका असला तरी वरच्या धाग्यांनी त्याला थोडंफार बोलतं करता येतं. फोटोचं तसं नाही.

माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलीनं घरचा एक फोटो आणला होता. गावातली जुनी सभा. मागे शाईनं एकच शब्द लिहिलेला, ‘सभा’. पोरांनी भिंग घेऊन कापडी फलकावरची झोपडी शोधली. मग एकाचं लक्ष गेलं की मागे विजेचे खांब आहेत, पण त्यांवर तारा नाहीत! म्हणजे गावात वीज येण्याच्या जरा आधीचा फोटो. वीज कधी आली ते पंचायतीच्या दप्तरात होतं. तिथून मागे मोजत मोजत वर्गानं १९६७ची निवडणूक नक्की केली. काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले.

पण पुढे गाडी अडली. व्यासपीठावर बसलेली पाच-सहा माणसं कोण, ते गावात कुणीही सांगत होतं. खाली उजव्या कोपऱ्यात पदर घेऊन बसलेल्या अकरा बायका होत्या. त्यांतली एक त्या मुलीची पणजी, एवढंच तिच्या घरी माहीत. बाकीच्या? ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची मोठी सून’. नाव कुणालाच सांगता येईना. शेवटी गल्लीतल्या एका थकलेल्या आजींना फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि एकेकीवर बोट ठेवत सात नावं सांगितली. चार राहिली. ती सांगू शकेल असं आता गावात दुसरं कुणी नाही.

हे ऐकून मला पहिल्या निवडणुकीतली एक गोष्ट आठवली. मतदारयाद्या करणारे कर्मचारी घरोघर गेले, तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा राज्यांत पुष्कळ बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. परक्या माणसाला नाव सांगायची रीत नव्हती. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ अशाच नोंदी झाल्या. आयोगानं सांगितलं, असं चालायचं नाही, नाव पाहिजे. मुदतही वाढवून दिली. तरी सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं मिळाली नाहीत आणि त्या नोंदी यादीतून काढाव्या लागल्या. वय बसत होतं, हक्क होता, फक्त नाव नव्हतं, म्हणून मत नाही. पुष्कळांना तेव्हा हा निर्णय फार कडक वाटला. मला विचाराल तर सेनसाहेबांनी केलं ते बरोबर होतं. अडून बसल्याशिवाय कुणी त्या बायकांचं नाव विचारलंच नसतं.

तर या सुट्टीत माळ्यावरची ट्रंक उघडा. आई-बाबांनो, तुम्हीही बसा सोबत, कारण अर्धी उत्तरं तुमच्याचकडे आहेत आणि उरलेली तुमच्या आई-वडिलांकडे. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहायचं. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. डावीकडून उजवीकडे एकेकाचं पूर्ण नाव, गाव, साल. साल नक्की नसेल तर ‘सुमारे’ लिहा, ठोकून देऊ नका. ज्यांनी सांगितलं त्यांचंही नाव खाली टाका. बायकांची माहेरची नावंही विचारा, कारण एकाच बाईला दोन घरांत दोन नावांनी ओळखलेलं असतं. फोटो गोंदानं चिकटवू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात कोरड्या जागी ठेवा.

आणि बिल्ला सापडला तर तो चकचकीत करायला चिंच-मीठ घेऊन बसू नका. रंगच निघून जाईल. पाणीही नको. कोरड्या मऊ फडक्यानं अलगद पुसा, कागदात गुंडाळा आणि कुणी दिला, कुठल्या गावात मिळाला, ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. मागची टाचणी गंजलेली असते, तेवढं जपा!