विलंब कोणाच्या खाती?

घर बांधणारा आणि ते बांधून देणारा यांचे भांडण ही काही आजची गोष्ट नव्हे. सिमेंट कमी घातले, वाळू मातकट निघाली, ठरल्या मापाच्या सळईऐवजी बारीक सळई वापरली, या तक्रारी मागच्या पिढीनेही केल्या आहेत. परंतु अलीकडे या भांडणाचा विषय पालटला आहे. पुण्यात काय, मुंबईत काय किंवा ठाण्या-नाशिकात काय, घरमालक आणि कंत्राटदार आज समोरासमोर उभे ठाकतात ते बहुधा तारखेवरून. ‘दोन वर्षांत घर देतो म्हणालात, तीन झाली’ असे एकाने म्हणावे आणि ‘फाईल महापालिकेत अडकली, त्याला आम्ही काय करणार?’ असे दुसऱ्याने उत्तर द्यावे. तिसरा पक्ष, म्हणजे परवाना देणारे कार्यालय, या संवादात कधीच हजर नसतो. ‘घर पहावे बांधून’ असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांसमोर गवंडी आणि सुतार होते. नगररचना खात्याची खिडकी त्यांनी पाहिली नव्हती.

या वादात खरे कोण आणि खोटे कोण, हे बाहेरून सांगता येत नाही, आणि आमच्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ नेमके येथे आहे. ‘परवान्याला उशीर झाला’ या एका वाक्यात चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. अर्जासोबतचे कागद अपुरे असतील. कागद पुरे असून शुल्क भरलेले नसेल. दोन्ही असून अधिकाऱ्याने फाईल हातावेगळी केली नसेल. अथवा न्यायालयाच्या वा शासनाच्या आदेशाने सगळेच काम थांबले असेल. पहिल्या दोहोंचा दोष कंत्राटदाराचा किंवा त्याच्या वास्तुविशारदाचा, तिसऱ्याचा कार्यालयाचा, आणि चौथ्याचा दोघांचाही नाही. मालकाच्या कानावर मात्र चारही वेळा तेच एक मोघम वाक्य पडते, आणि भाड्याच्या घराचे पैसे चारही वेळा तोच भरतो.

कायद्याने हा विलंब होऊ नये अशी योजना केलेली नाही काय? केलेली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४५ अन्वये, अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत नियोजन प्राधिकरणाने आपला निर्णय कळविला नाही तर परवानगी दिली असे मानले जाते. वाचताना हे कलम नागरिकाच्या हाती तलवार दिल्यासारखे वाटते. पण त्याच कलमात पुढे असेही आहे की, कार्यालयाने एखादी माहिती मागितली असल्यास तिचे उत्तर मिळाल्यापासून ६० दिवस मोजावयाचे, आणि दोहोंपैकी जी तारीख नंतरची ती धरावयाची. शिवाय नकाशा विकास आराखड्याशी व नियमांशी काटेकोर जुळणारा असला पाहिजे. म्हणजे सत्तावन्नाव्या दिवशी एक शंका काढली की घड्याळ पुन्हा शून्यावर येते. जो अधिकारी सर्व शंका एकदम विचारील त्याला साठ दिवस मिळतात. जो एकेक करून विचारील त्याला वर्षही मिळू शकते. मानीव परवानगीच्या भरवशावर पायाची कुदळ मारण्याचे धाडस कोणी शहाणा कंत्राटदार करीत नाही, आणि मालकानेही ते करू देऊ नये. कारण नकाशा नियमात बसत नव्हता असे मागाहून ठरले तर अनधिकृत बांधकामाची नोटीस मालकाच्या दारावर चिकटते.

मुंबईत तर पहिल्या परवानगीचे नावच मोठे मासलेवाईक आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याच्या कलम ३४६ खाली जो कागद मिळतो त्याला ‘नापसंतीची सूचना’ म्हणतात. नापसंती कळवून तिच्याखाली अटींची यादी जोडावयाची, आणि त्या अटी पुऱ्या करील त्याने पुढे यावे, अशी ही रीत. त्यानंतर प्रारंभ प्रमाणपत्र मिळते, तेही पुष्कळदा आधी केवळ जोत्यापर्यंत. जोत्याची तपासणी झाल्यावर वरच्या मजल्यांचे. अग्निशमन, वृक्ष, विमानतळाजवळ असल्यास उंची, २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असल्यास पर्यावरण, अशा एकेका खात्याच्या दारात ना-हरकतीसाठी उभे राहावे लागते. यांतील प्रत्येक अटीला काही कारण आहे, आणि अग्निशमनाच्या अटी काढून टाका असे म्हणणारा माणूस आम्हांला भेटलेला नाही. शासनाने काही केले नाही असेही नव्हे. डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीने मुंबईबाहेर लहान भूखंडावरील साध्या घरांची वाट पुष्कळ सोपी केली. पण मध्यमवर्गीय माणूस आज राहतो तो बंगल्यात नव्हे, इमारतीत. आणि त्याचे घर या सगळ्या दारांतून जाऊनच उभे राहते.

कंत्राटदाराच्या बाजूनेही बोलले पाहिजे. फेब्रुवारी २०१६ मध्ये कचऱ्याच्या विल्हेवाटीची व्यवस्था होत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली; ती सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अटींवर शिथिल केली. देवनारच्या कचराभूमीचा आणि अंधेरीतल्या एखाद्या बांधकामाचा काय संबंध, असे त्या दोन वर्षांत कितीकांनी कपाळाला हात लावून विचारले असेल! अशा वेळी यंत्रे भाड्याने आणलेली असतात, मजूर गावी परततात, लोखंडाचा भाव चढतो. मालकही सर्वस्वी निर्दोष नसतात. नकाशा मंजूर झाल्यावर ‘स्वयंपाकघर थोडे मोठे हवे’, ‘गच्चीकडे एक दार काढा’ अशा सूचना करणारे गृहस्थ थोडे नाहीत. आणि तसल्या बदलातून सुधारित नकाशा दाखल करण्याची पाळी आली की त्याबरोबर नवी तारीखही येते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. परवाना आणून देण्याचे काम ज्याने अंगावर घेतले आणि त्याचा मोबदलाही घेतला, त्यानेच परवान्याची सबब सांगावी हे न्यायाला धरून नाही. पुष्कळदा फाईल अडकलेली नसतेच. वाढीव चटई क्षेत्राचे अधिमूल्य भरावयाचे असते, किंवा हस्तांतरणीय विकास हक्क विकत घ्यावयाचे असतात, आणि भाव उतरेल अशा आशेने विकासक थांबलेला असतो. त्याच्या व्यापाराची ही वाट पाहणे मालकाच्या कानी येते ते ‘महापालिकेचा विलंब’ या नावाने.

विकत घेणाऱ्यापुरता हा प्रश्न कायद्याने बराच सोडविला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात प्रारंभ प्रमाणपत्रावाचून प्रकल्पाची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून विक्री करता येत नाही. कलम १८ प्रमाणे ठरल्या तारखेस ताबा न मिळाल्यास ग्राहकाने पैसे व्याजासह परत मागावेत, किंवा घर हवेच असल्यास विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज घ्यावे. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या कर्जाच्या सर्वोच्च सीमांत दराहून दोन टक्के अधिक आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘न्यूटेक प्रमोटर्स’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की परताव्याचा हा हक्क बिनशर्त आहे. अनपेक्षित घटना किंवा न्यायालयाची स्थगिती यांचे कारण ग्राहकाविरुद्ध चालणार नाही.

परंतु ज्याची जमीन स्वतःची, तो यात कोठे बसतो? स्वतःच्या भूखंडावर घर बांधून घेणारा हा ‘खरेदीदार’ नव्हे. जमीन ५०० चौरस मीटरहून अधिक नसेल, किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणीचीही गरज नाही. अशा मालकाला आधार उरतो तो मुख्यतः १८७२ च्या करार कायद्याचा आणि ग्राहक आयोगाचा. करार कायद्यातील कलम ५६ खाली ‘पालन अशक्य झाले’ असा बचाव कंत्राटदार करू पाहतो. पण केवळ विलंब म्हणजे अशक्यता नव्हे, हे फार पूर्वी ठरलेले आहे. कलकत्त्यातील एका वसाहतीची जमीन सरकारने महायुद्धाच्या काळात लष्करासाठी ताब्यात घेतली, तेव्हा करार संपला असे कंपनीने म्हटले. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. महायुद्धाने जो करार मोडला नाही तो नगररचना खात्याच्या टेबलावर मोडतो, असे म्हणणाऱ्याला मालकाने पुरावा मागितला पाहिजे.

पुनर्विकासात जाणाऱ्या जुन्या सहकारी गृहसंस्थांची स्थिती याहून नाजूक आहे. येथे मालक आपले उभे घर आधी देतो आणि नवे मागाहून घेतो. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात सभासदांनी जागा केव्हा रिकामी करावी याचा दंडक आहे: सर्व कायदेशीर मान्यता मिळाल्यानंतर. प्रत्यक्षात काय होते? सभेत टाळ्या पडतात, कोपऱ्यावरच्या इमारतीचे काम सुरू झालेले दिसते, विकासक सहा महिन्यांच्या भाड्याचे धनादेश हाती ठेवतो, आणि सामान टेंपोत चढते. कराराच्या मसुद्यात मुदत ‘प्रारंभ प्रमाणपत्र मिळाल्यापासून’ इतके महिने अशी लिहिलेली असते. ते प्रमाणपत्र दोन वर्षे आले नाही तर मुदत सुरूच झालेली नसते! सत्तरी ओलांडलेली माणसे परक्या गल्लीत भाड्याने राहतात, धनादेश एक दिवस येईनासे होतात, आणि कायद्याच्या दृष्टीने अद्याप एका दिवसाचाही उशीर झालेला नसतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या संस्थेत असा मसुदा फिरत असेल त्यांनी तो आज रात्री काढून हे एक वाक्य शोधावे. मुदत कराराच्या नोंदणीपासून मोजली जावी. परवान्यासाठी निराळी, ठराविक महिन्यांची मर्यादा लिहावी. आणि ती उलटल्यास काय, हेही त्याच कलमात लिहावे.

इमारत उभी राहिली म्हणजे परवान्याचा प्रश्न मिटला असेही नाही. भोगवटा प्रमाणपत्रावाचून राहावयास गेलेल्या मुंबईतील एका संस्थेच्या सभासदांना २५ टक्के अधिक मालमत्ता कर आणि ५० टक्के अधिक पाणीपट्टी भरावी लागली. ताबा १९९७ सालचा. हे प्रमाणपत्र न मिळवून देणे ही सेवेतील त्रुटी होय, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला जानेवारी २०२२ मध्ये. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी ताबा देणार नाही असे हमीपत्र विकासकाकडून घ्यावे, आणि मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावून ठेवावा, असे आदेश दिले.

या आदेशात महापालिकेने स्वतःहून एका कागदाची भर घालावी, अशी आमची मागणी आहे. अर्ज कोणत्या दिवशी दाखल झाला, प्रत्येक शंका कोणत्या दिवशी काढली, तिचे उत्तर केव्हा आले, शुल्काची मागणी केव्हा केली आणि ते केव्हा भरले गेले, या तारखांचा तक्ता नकाशाशेजारी लावावा आणि मालकाला तो संगणकावर बिनशुल्क पाहता यावा. अर्ज आता संगणकावरूनच दाखल होतात. तारखा तेथे नोंदलेल्याच आहेत. पहिल्या तपासणीत जी शंका काढली नाही ती पुढे काढावयाची झाल्यास अधिकाऱ्याने कारण लिहून खाली सही करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, आयुक्तांचे एक परिपत्रक पुरे.