उजनीपर्यंत जाऊन परत

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेचारला मी सायकल काढली आणि पुणे रस्त्याला लागलो. लांबोटीला चहा घेतला. मोहोळ मागे पडल्यावर उजाडले. शेटफळ, मोडनिंब, टेंभुर्णी करीत भीमानगर गाठले, उजनी धरणाच्या भिंतीकडे पाच मिनिटे बघत उभा राहिलो आणि आल्या वाटेने परत फिरलो. घरी पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. जाऊन-येऊन सुमारे १८० किलोमीटर. जिन्यापाशी शेजारचे मामा भेटले. माझा अवतार पाहून त्यांनी विचारले, "कुठनं येताय?" मी म्हणालो, "उजनीहून." मामांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "का? पाणी सुटलंय का बघायला गेला होता?"

सोलापूरकराला उजनी म्हटले की दुसरे काही सुचत नाही, त्याला मामा तरी काय करणार! वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणारे पाणी हंडे-पिंपांत भरून ठेवणाऱ्या गावाला धरण ही सायकलवरून सहज बघून येण्याची गोष्ट वाटणे कठीणच. घरात अण्णा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "जाऊन परत आलास. मग गेलास कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, कारण खरे उत्तर मी घरात कुणालाच सांगितले नव्हते. १८० किलोमीटर हा आकडा मी उगीच निवडला नव्हता. आयर्नमन नावाची जी लांब पल्ल्याची ट्रायथलॉन आहे, तिच्यात आधी ३.८ किलोमीटर पोहायचे असते, मग १८० किलोमीटर सायकल चालवायची असते आणि ती ठेवून ४२.२ किलोमीटर, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन, पळायचे असते. सगळे मिळून १७ तासांच्या आत. सायकलचा आकडा जमतो का, हे मला गुपचूप पाहायचे होते. तो जमला, आणि तिथून माझी पंचाईत सुरू झाली.

हा प्रकार जन्माला आला तो एका वादातून. सर्वांत दमदार कोण, पोहणारा, पळणारा की सायकलवाला, यावर हवाईतल्या मंडळींची चर्चा चालली होती. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याची प्राणवायू शोषून घेण्याची क्षमता सर्वांत जास्त असल्याचा दाखला अमेरिकन नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी दिला. मग त्यांनी आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी यांनी ओआहू बेटावरच्या तीन वेगवेगळ्या स्पर्धा एकाच दिवसात ओवण्याची कल्पना काढली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले, १२ जण पोचले. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलर याला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. दुसरा आलेला जॉन डनबार याच्या मदतनिसांकडचे पाणी वाटेत संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली म्हणतात. बक्षीस काय, तर आयुष्यभर फुशारकी मारण्याचा हक्क. मला हे फार प्रामाणिक वाटते. निदान त्यांनी आत्मशोध वगैरे शब्द वापरले नव्हते.

आपल्याकडे हे नाव घरोघरी पोचले ते २०१५ साली. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झ्युरिकची आयर्नमन सव्वापंधरा तासांच्या थोडे वर पूर्ण केली. मग २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्यात, मिरामारच्या किनाऱ्यावरून, निम्म्या अंतराची स्पर्धा सुरू झाली: १.९ किलोमीटर समुद्रात, ९० सायकलवर, २१.१ पायी. परदेशाचा खर्च वाचला, रेल्वेने सायकल नेता येऊ लागली. तेव्हापासून डॉक्टर, शिक्षक, पोलीस, व्यापारी अशा माणसांची गळ्यात पदक घातलेली छायाचित्रे वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर दिसू लागली. ती पाहताना माझ्या पोटात जे काही होई, त्यात कौतुक किती आणि असूया किती, हे मी कधी तपासले नाही.

सायकल आमच्या घरात नवी नाही. अण्णा मिलमध्ये साच्यावर होते. पहाटेचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई. हँडलला डबा आणि चेनमध्ये अडकू नये म्हणून पायजम्याला क्लिप. पाळी संपली की तोच लोंढा उलटा. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि भोंगाही गेला. त्या माणसांनी आयुष्यभरात किती हजार किलोमीटर सायकल मारली असेल, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. माझ्या मनगटावरचे घड्याळ मात्र मी जिन्याने वर गेलो तरी नोंद करते. अण्णांचा "मग गेलास कशाला?" हा प्रश्न त्या लोंढ्यातून आलेला आहे.

आणि पायी चालण्याचे म्हणाल तर आमच्या घरातली खरी खेळाडू माझी बायको आहे. कोजागरीच्या वेळी सोलापुराहून हजारो माणसे तुळजापूरला चालत जातात. ती गल्लीतल्या बायकांबरोबर दर वर्षी जाते. संध्याकाळी निघायचे, हिप्परग्याचा तलाव, उळे, तामलवाडी करीत रात्रभर चालायचे, आणि पाय बोलायला लागले की पुढे घाट. वाटेत लोक चहा देतात, फराळ देतात, अनोळखी माणसांचे पाय चेपून देतात. अंतर सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे मॅरेथॉनहून जास्तच. कित्येक जण अनवाणी असतात. पदक नाही, छायाचित्र नाही, आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापायच्या असतातच. मी एकदा तिला समजावून सांगायला गेलो की आयर्नमनमध्ये सायकलची मुदत साडेदहा तासांना संपते, उरलेल्या साडेसहा तासांत ४२ किलोमीटर म्हणजे ताशी साडेसहाचा वेग लागतो, आणि तुमचा वेग ताशी चारच्या आसपास असतो. तिने शांतपणे विचारले, "तुम्ही कितीदा चालत गेलात?" मी एकदाही गेलेलो नाही.

हे सगळे लिहायचे कारण, बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की ही शर्यत म्हणजे पाय आणि छाती यांची परीक्षा. मला आता तसे वाटत नाही. सायकल सरावाने वाढते. ताशी २३-२४ चा वेग राखता आला की मुदतीत पोचता येते. खाण्याचे तंत्र कळायला वेळ लागला, पण कळले. मी आधी अभिमानाने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेत असे. तेलाचा पदार्थ पोटात रेंगाळतो आणि पाय मात्र उपाशी राहतात. ताशी साठेक ग्रॅम पिष्ट-साखर पोटात जावी लागते, म्हणजे दोन केळी आणि एखादा राजगिऱ्याचा लाडू. नुसतेच पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस चक्कर येऊन पडतो, म्हणून लिंबू-मीठ-साखरेची बाटली. सायकलवरून उतरून लगेच पळायला लागले की पहिला किलोमीटर पाय दुसऱ्याचेच असल्यासारखे वाटतात. तेही अंगवळणी पडते. अंगवळणी पडत नाही तो रस्ता. गाळपाच्या हंगामात पहाटेच्या काळोखात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर उभी राहते, तेव्हा आपण सदतिसाव्या किलोमीटरवर आहोत की सत्तराव्या, याला काही अर्थ उरत नाही.

पण माझी खरी अडचण पाणी आहे. मामांच्या अर्थाने नव्हे.

मी पोहायला शिकलो ते आजोळच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. विहिरीतले पोहणे म्हणजे उडी, बुडी आणि काठ. डोके कायम वर. त्या भांडवलावर मी वर्षानुवर्षे "मला पोहता येतं" असे सांगत आलो. जानेवारीत जलतरण तलावावर गेलो आणि पंचवीस मीटरच्या दुसऱ्या टोकाला कठडा धरून कुत्र्यासारखा धापा टाकू लागलो. ३.८ किलोमीटर म्हणजे अशा १५२ फेऱ्या, त्याही २ तास २० मिनिटांत. शिवाय स्पर्धेत कठडा नसतो आणि तळावर रेघ नसते. आजूबाजूला शेकडो हातपाय मारणारी माणसे, आणि दिशा कळायला दर काही हातांनी डोके वर काढायचे. तलावावरचा शिकवणारा मुलगा माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा. तो म्हणाला, "काका, हात नंतर. आधी पाण्यात श्वास सोडायला शिका."

या बाबतीत एक माहिती प्रत्येक हौशी माणसाने आणि त्याच्या घरच्यांनी वाचावी असे मला वाटते. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमध्ये १९८५ ते २०१६ या काळात झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना यांचा एक वैद्यकीय अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अशा १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडल्या. बळींमध्ये ८५ टक्के पुरुष, सरासरी वय सत्तेचाळिशीच्या जवळ. भाग घेणाऱ्या लाखभर माणसांत दोनापेक्षाही कमी असे हे प्रमाण आहे, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण माझेही वय ४७ आहे. हा अभ्यास वाचल्यावर मी पहिल्यांदा हृदयाच्या तपासण्या करून घेतल्या, आणि तो कागद बायकोला दाखवला. अभ्यास आधी दाखवला नाही, हे कबूल करतो.

मग पाळी आली तासांची. पूर्ण अंतराची तयारी करायची तर माझ्यासारख्याला आठवड्याला निदान बारा तास हवेत आणि तसे दहा महिने. चाळीस आठवडे धरले तरी ४८० तास. म्हणजे अखंड वीस दिवस आणि वीस रात्री. हे तास आकाशातून पडत नाहीत. अण्णांच्या आंघोळीचे, डब्यांचे, मुलीच्या शिकवणीला सोडण्याचे, रविवारी पाहुण्यांत बसण्याचे असे ते कुणाच्या तरी वाट्यातून निघतात. आमच्या घरात ते कुणाच्या वाट्यातून निघणार हे सांगायला नको. मी कागदावर वेळापत्रक मांडून बायकोपुढे ठेवले. तिने ते नीट वाचले. भांडली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "अहो, मला कुणी आठवड्याला बारा तास दिले, तर त्यांचं काय करायचं ते मला सुचायचंसुद्धा नाही."

त्या वाक्याने माझी झोप गेली. या स्पर्धांच्या कौतुकाच्या लेखांत शेवटी एक ओळ असते, की घरच्यांचा पाठिंबा होता म्हणून हे शक्य झाले. मी स्वतः ती ओळ आजवर सहज वाचून पुढे जात आलो. पाठिंबा म्हणजे नेमके किती तास, ते कुणी लिहीत नाही.

दुसरी एक गोष्ट मला खटकते, ती घाई. आज सायकल घेतली, सहा महिन्यांत शंभर किलोमीटर, वर्षाच्या आत आयर्नमन, अशी बढती मागणारी माणसे मी पाहतो. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईत ज्यूली मॉस नावाची विद्यार्थिनी पहिल्या क्रमांकावर असताना शेवटच्या काही वावांवर कोसळली. दुसरी बाई तिला ओलांडून जिंकली आणि ही रांगत रांगत रेघ ओलांडून गेली, २९ सेकंदांच्या फरकाने दुसरी. ते दृश्य दूरचित्रवाणीवर दिसले आणि त्यानेच ही शर्यत जगभर गेली. ते पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी येते. पण ती तेवीस वर्षांची होती. सोमवारी कामावर जायचे असलेल्या माणसाने रांगत पोचण्याची स्वप्ने पाहू नयेत. मला मॅडोना ब्यूडर या जोगिणीचे उदाहरण अधिक भावते. पन्नाशीच्या आसपास पळायला लागलेल्या या बाईंनी २०१२ साली कॅनडात, ८२ व्या वर्षी, पूर्ण अंतर मुदतीत पार केले. म्हणजे माझ्याकडे अजून पस्तीस वर्षे आहेत.

तेव्हा पूर्ण अंतराचा विषय मी सध्या बंद केला आहे. आधी गोव्याचे निम्मे अंतर, तेही या वर्षी नव्हे. हे वर्ष फक्त पाण्याचे. आठवड्यातून तीन सकाळी तलाव, रविवारी एक सायकलफेरी, तीही नऊच्या आत घरी. येत्या कोजागरीला तुळजापूरपर्यंत चालत जाणार आहे. गल्लीतल्या बायकांनी मला बरोबर घ्यायचे कबूल केले आहे, वाटेत वेगाचा हिशेब सांगायचा नाही या अटीवर. एका जुन्या मित्राला हे सांगितले तर तो म्हणाला, "काय बे, एवढी सायकल मारून शेवटी चालतच जाणार का?"

परवा तलावावर न थांबता चार फेऱ्या झाल्या. शंभर मीटर. श्वास पाण्यात सुटू लागला आहे.

घरात मात्र एक बदल झाला. माझ्या तीन सकाळी ठरल्यावर बायकोने गुरुवार आणि शनिवारची सकाळ स्वतःसाठी मागून घेतली. त्या दोन दिवशी अण्णांचे, डब्यांचे आणि मुलीचे मी पाहायचे. ती सहाला बाहेर पडते, आठला येते. कुठे जाते ते तिने सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. गेल्या गुरुवारी नळाला पाणी नेमके सव्वासहाला आले. ते मी भरले.