आंघोळीचं पाणी उन्हावर सोडा



भाताची झोडणी उरकली, खडवलीत भातसा नदीवरून पहाटे गार वारा येऊ लागला की घरोघरी बंब पेटतो. आपल्याकडे घर तापवावं एवढी थंडी पडत नाही. हिवाळ्यातला जादा खर्च होतो तो आंघोळीच्या पाण्यावर.

हिशेब करून बघा. १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला शेगडीवर साधारण ६० ग्रॅम गॅस जळतो. रोज पाच बादल्या म्हटल्या तर महिन्याला नऊ किलो! १४.२ किलोच्या सिलिंडरमधला निम्म्याहून जास्त गॅस नुसता न्हाणीत जातो. चूलवाल्यांनीही हसू नये. ओल्या लाकडाची बरीच आच त्यातलं पाणी आटवण्यातच संपते आणि धूर जातो घरच्या बाईच्या डोळ्यांत.

दुपारचं ऊन मात्र फुकट आहे. पत्र्याचं पिंप बाहेरून काळं रंगवा, भरून, झाकण लावून सकाळीच उन्हात ठेवा. (औषधाचं रिकामं पिंप कितीही धुतलं तरी नको!) ऊन कलण्याआधी त्याला पेंढा आणि गोणपाट गुंडाळा, चुलीपासून लांब. पोरांच्या आंघोळी सायंकाळीच उरका. सकाळी उरलेलं पाणी १० अंशांनी जरी उबदार मिळालं, तरी बादलीमागे ४० टक्के गॅस वाचला.

गोबरगॅसवाल्यांनी शेणही याच पाण्यात कालवावं. थंडीत जिवाणू मंदावतात, म्हणून गॅस कमी पडतो.

तेव्हा सगळा पेंढा विकू नका. दोन भारे पिंपासाठी ठेवा.