ऑटोप्ले बंद करा, मंडळी!

एक साधा प्रश्न. गेल्या महिन्याभरात एखादा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकलाय का? मध्ये ‘नेक्स्ट’ न दाबता?

शनिवारी संध्याकाळी गंगापूर रोडवर सोमेश्वरकडे, धरणाकडे, सुलाकडे निघालेल्या गाड्यांची रांग बघा. दहापैकी आठ गाड्यांत तीच वीस गाणी वाजत असतात. त्यात गाणाऱ्यांचा दोष नाही, ऐकणाऱ्यांचाही फारसा नाही. निवड आपण मशीनवर सोडलीय, एवढंच.

आता हे मशीन आपल्याच जातकुळीतल्या लोकांनी लिहिलेलं, त्यामुळे त्याची गोम आपल्याला माहीत असायला हवी. ‘तुमच्यासारख्यांनी काय ऐकलं’ यावरून ते तुम्हाला सुचवतं. मग जे कुणीच ऐकलेलं नाही, ते सुचवणार कसं? आपल्या धंद्यात याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. आपण मीटिंगमध्ये त्यावर तावातावाने बोलतो आणि घरी येऊन त्याच सापळ्यात आरामात बसतो.

याचं सगळ्यात भारी उदाहरण मुंबईतलंच आहे. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३. त्यावर दहा राग वाजवले. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस वगैरे. अल्बमचं नाव ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. एचएमव्हीने तो काढला आणि लोकांनी तो शांतपणे दुर्लक्षित केला.

गंमत पुढे आहे. टीबी-३०३ हे मुळात गिटारवाल्यांना सरावाला साथ म्हणून काढलेलं बेसचं यंत्र. त्या कामात ते साफ पडलं आणि कंपनीने काही वर्षांत बंद केलं. मग शिकागोतल्या पोरांनी ती जुनी यंत्रं स्वस्तात उचलली आणि १९८७ मध्ये फ्युचर या ग्रुपच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’पासून ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार जगभर गाजला. चरणजित सिंगांची रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षं आधीची, आणि कानाला चक्क त्याच घराण्यातली वाटते! या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. आपल्या कानाला ती मींडेची आठवण करून देते. कुणी म्हणतात ॲसिड हाउस मुंबईत जन्मलं. तसं काही नाही. शिकागोवाल्यांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा पुरावा नाही. पण दोन ठिकाणी दोन माणसं ‘मॅन्युअल’ बाजूला ठेवून एकाच यंत्राशी खेळली, हे मला त्याहून भारी वाटतं.

२०१० मध्ये एदो बाउमन नावाच्या डच संग्राहकाने ती रेकॉर्ड पुन्हा प्रसिद्ध केली. सत्तरी ओलांडल्यावर चरणजित सिंग युरोपात जाऊन लाइव्ह वाजवू लागले. २०१५ मध्ये ते गेले. म्हणजे हयातीत कौतुक मिळालं, पण २८ वर्षं उशिरा आणि तेही परक्या दारातून. शिवाय ते कुठल्या ऑटोप्लेमुळे नाही, एका माणसाने धुळीतली रेकॉर्ड हातात घेतली म्हणून.

‘पण हा राग नाहीच!’ असं घरातले ज्येष्ठ म्हणतील. म्हणू देत. ललितातल्या दोन्ही मध्यमांची खरी जादू ऐकायला तुमच्याकडे दिग्गज गवई आहेतच. इथे ऐकायचंय ते रागाचा सांगाडा डिस्कोच्या ठेक्यावर उभा राहतो की नाही, हे. माझं मत विचाराल तर सगळ्या नाही, पण बऱ्याच ट्रॅकमध्ये राहतो.

आणखी तीन शिफारशी, थोडक्यात.

त्रिलोक गुर्टू यांचा ‘उस्फ्रेट’ (१९८८). तबला, ड्रम्स, डॉन चेरीचा ट्रम्पेट आणि त्यात चक्क शोभा गुर्टू! बेळगावात जन्मलेली, ठुमरीची राणी म्हणवली जाणारी ही बाई मुलाच्या जॅझमध्ये जराही परकी वाटत नाही. ‘शोभारॉक’पासून सुरुवात करा.

पुण्याच्या ‘ईझी वाँडरलिंग्ज’चा ‘ॲज रिटन इन द स्टार्स’ (२०१७). इंग्रजी गाणी, मऊ सूर, घाई अजिबात नाही. प्रयोगाची भीती वाटणाऱ्यांनी इथून शिरावं.

तिसरा अल्बम नाही, एकच गाणं आहे: ‘स्वदेसी’ या मुंबईच्या हिपहॉप टोळीचं ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९). आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर यांचा आवाज, पाड्यावरचा सूर आणि रॅप. मराठीत रॅप म्हणजे फक्त टवाळी, असं वाटत असेल तर हे ऐकाच.

आता पैशाचं. स्ट्रीमिंगमध्ये एकदा ऐकल्यामागे कलाकाराला काही पैसे (रुपये नव्हेत!) सुटतात. बँडकॅम्पवर डिजिटल अल्बम विकत घेतला तर कंपनी साधारण १५ टक्के कापते आणि पेमेंटचा खर्च वगळता बाकी कलाकाराकडे जातं. बहुतेक अल्बम चौघांच्या रविवारच्या मिसळीइतक्या पैशात येतात. सुलाफेस्ट २००८ पासून याच रस्त्याच्या टोकाला भरत आलाय, त्याच्या तिकिटाला आपण का-कू करत नाही. मग त्याच बँडचा अल्बम फुकट का लागतो, हे कोडं मला सुटलेलं नाही.

तेव्हा एक नियम करून बघा. आठवड्यातून एक अल्बम, माणसाने सुचवलेला, सलग. आवडला तर विकत घ्या आणि दोघांना सांगा. नाही आवडला तर पाऊण तास गेला, एवढंच. तेवढा वेळ तर ‘डेली स्टँडअप’मध्येही जातो.

कारण नाशिकमध्येही आज कुणीतरी बेडरूमचं दार लावून लॅपटॉपवर काहीतरी विचित्र वाजवत बसलेलं असणार. त्याला २८ वर्षं थांबायला लावायचं की नाही, हे आपल्या हातात आहे.