देवांच्या संसाराची कादंबरी

अमीश त्रिपाठी यांची शिव आणि सतीच्या प्रेमाची कादंबरी २०१० साली इंग्रजीत आली आणि पुढे ‘मेलुहाचे मृत्युंजय’ या नावाने मराठीत. इतक्या वर्षांनंतरही आमच्या कुर्डुवाडीत कॉलेजची पोरं-पोरी तिच्याबद्दल भरभरून बोलतात. घरातली वडीलधारी मंडळी मात्र नाराज असतात. महादेवाला माणूस केला, प्रेमात पाडला, हे कसलं वाचन?

हा आक्षेप मला मुळीच पटत नाही. कुर्डुवाडी जंक्शनला गाडी बदलून पंढरपूरला जाणाऱ्यांना देवाचा संसार नवा नाही. राधेला कृष्णाजवळ पाहून रुक्मिणी रुसली, द्वारका सोडून दिंडीरवनात येऊन बसली आणि तिच्या शोधात देव पंढरपुरात आला, अशी तिथली कथाच आहे. रखुमाईचा गाभारा आजही वेगळा, विठ्ठलाच्या मागच्या अंगाला आहे. बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांत तर तिला जनाबाईचाही राग येतो. तिकडे जेजुरीचा खंडोबा म्हाळसेशी सारीपाट हरला आणि बाणाईसाठी चंदनपुरीत तिच्या बापाची मेंढरं राखायला राहिला. देव माणसासारखा वागला म्हणून आपल्या माणसांनी त्याला कधी टाकलं नाही.

कादंबरीचं खरं बळ आहे सती. दक्ष राजाची ही मुलगी तलवारीत कुणाला हार जाणारी नाही. पण नवरा गेला आणि मूल मेलेलं जन्माला आलं, म्हणून मेलुहाच्या कायद्याने ती ‘विकर्म’ ठरलेली आहे. तिला कुणी हात लावायचा नाही, लावला तर शुद्धी करून घ्यायची. विशेष म्हणजे हा कायदा तिला स्वतःलाच योग्य वाटतो. आपल्या मागच्या जन्माचं पाप आपण फेडतो आहोत, अशी तिची मनापासून समजूत आहे. तिबेटातून आलेल्या शिवाला हे कळतच नाही. त्याला ती हवी आहे आणि तिला त्याच्यापेक्षा नियम मोठा वाटतो. चोखोबांची समाधी ज्या देवळाच्या दाराबाहेर आहे आणि ज्याची दारं सर्वांना उघडावीत म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं, त्या देवळापासून काही कोसांवर बसून हे वाचताना मला ही प्रेमकथा काल्पनिक वाटली नाही.

मग कायदा रद्द होतो, लग्न होतं आणि लेखकाचं त्या दोघांवरचं लक्षच उडतं. पुढे युद्धं, सोमरस, कारस्थानं. प्रत्येक चमत्कारामागे शास्त्र सांगितलेलं. नीळकंठाचा गळा निळा का, याचंही उत्तर तयार. पात्रं एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांना माहिती पुरवतात. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या तोंडी आजची बोली घालणं ही लेखकाची निवड, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नवरा-बायकोचं बोलणं तरी त्यांचं स्वतःचं असावं.

या कादंबरीमालेच्या दुसऱ्या भागात एक मोठी संधी येते. सतीचा मुलगा गणेश जिवंत निघतो आणि त्यानेच आपल्या मित्राचा जीव घेतला, असं शिवाला वाटतं. तो सतीपासून दूर राहू लागतो. रखुमाईच्या रुसव्याइतकंच हे खोल दुखणं आहे. पण गणेश हिंस्र श्वापदांपासून लहानग्या कार्तिकला वाचवतो आणि शिवाचं मन वळतं. जे त्या दोघांनी समोरासमोर बसून निस्तरायला हवं होतं, ते एका थरारक प्रसंगावर सोपवलं आहे. २०१३ च्या तिसऱ्या भागात सती लढता लढता मरते. ते वर्णन जबरदस्त आहे, पण तिचं मरण अखेर शिवाच्या कोपाचं निमित्त होऊन उरतं. एवढ्या ताकदीच्या बाईला लेखकाने यापेक्षा जास्त द्यायला हवं होतं.

तरीही पोरांनी पहिला भाग जरूर वाचावा आणि घरच्यांनी त्यांना अडवू नये. आणि देवांच्या प्रेमावर लिहायची हौस असलेल्या आपल्याकडच्या नव्या लेखकांना माझं एक सांगणं आहे. खंडोबाचं एखादं जागरण पहाटेपर्यंत बसून ऐका. म्हाळसा-बाणाईचं भांडण वाघ्या-मुरळी कसं रंगवतात, कोण काय बोलतं, कोण माघार घेतं आणि देवाची कशी पंचाईत होते, ते नीट कान देऊन टिपून घ्या. मग लिहायला बसा.