अंतर किलोमीटरचे, ताण तासांचा

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाने जाताना साधारण सोळा तास लागतात. परतताना बहुधा तास-दीड तास कमी. अंतर तेच, मग वेळ वेगळा का? उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते जाताना विमानाला अडवतात, येताना ढकलतात.

गेल्या काही काळात यात राजकारणाचीही भर पडली आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांना वळसा पडला. काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्यामागे विमानांच्या तुटवड्याबरोबर हेही कारण होते.

बातम्यांत चर्चा होते ती तिकिटाची आणि इंधनाची. वैद्यकीय प्रश्न वेगळा आहे : प्रवासी किती तास एका जागी बसून राहणार?

पोटरीचे स्नायू हा पायातले रक्त वर ढकलणारा पंप आहे. तासन्‌तास बसल्यावर तो थंडावतो आणि खोल शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. दोष विमानाचाच असतो असे नाही. १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या काळात लंडनच्या आश्रयस्थानांत रात्रभर खुर्चीवर बसणाऱ्यांमध्येही असे मृत्यू नोंदले गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले की, चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासाने, मग तो बसचा असो वा रेल्वेचा, हा धोका सुमारे दुपटीने वाढतो. तरीही तो साधारण सहा हजारांत एक इतकाच आहे. म्हणजे घाबरू नये, पण गाफीलही राहू नये.

मुलांकडे अमेरिकेला जाणारे आपल्याकडचे अनेक आईवडील साठी-सत्तरीचे असतात. पूर्वी गुठळी झालेली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना भेटा. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असणाऱ्यांनीही भेटावे, कारण केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरल्यासारखी विरळ असते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोसाच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात. सगळी औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत, उड्डाण लांबले तरी पुरतील इतकी.

इतरांनी तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे हलवावेत, पाणी प्यावे. इंधनासाठी विमान थांबले तरी बहुधा खाली उतरू देत नाहीत. तो वेळही बसण्यातच धरा. दाबाचे मोजे किंवा ॲस्पिरिन शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका.

प्रवासानंतर काही आठवड्यांत एकच पाय सुजला, दुखू लागला, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि ‘लांबचा विमानप्रवास केला होता’ हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा. निदानाची दिशा त्या एका वाक्याने बदलू शकते.