स्वखर्चाने घसारा

घसारा म्हणजे काय, हे आम्ही बी.कॉम.ला असताना घोकून घोकून शिकलो. यंत्र वापरले की झिजते, आणि झिजले की खातेवहीत त्याची किंमत दरसाल कमी करायची, एवढाच त्याचा मथितार्थ. पण यंत्र आपण होऊन झिजण्याची वाट न पाहता, रोख पैसे मोजून ते झिजवून घ्यायचे आणि वर त्याची किंमत वाढली म्हणून पेढे वाटायचे, हा प्रकार आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हता. तो आम्हांला मेहरूणमध्ये कळला. त्याला ‘पोर्टिंग-पॉलिशिंग’ म्हणतात.

ज्यांना हे ठाऊक नाही ते सुखी, तरी सांगतो. मोटारीच्या इंजिनावर हेड नावाचे एक धूड बसवलेले असते. त्यातल्या बोगद्यांतून पेट्रोल आणि हवा आत जाते, धूर बाहेर पडतो. हे बोगदे ओतकामातले, त्यामुळे आतून खरखरीत. हेड उतरवायचे, बोगदे ग्राइंडरने रुंद आणि सरळ करायचे, घासून गुळगुळीत करायचे, की इंजिनाचा श्वास मोकळा! शास्त्र सोळा आणे खरे आहे. या बोगद्यांतून हवा वाहते कशी, याचा हॅरी वेस्लेक नावाच्या इंग्रज गृहस्थाने जन्मभर ध्यास घेतला. जॅग्वारच्या १९४८ सालच्या एक्सके इंजिनाच्या हेडमागे त्याचीही अक्कल होती. तेव्हा आमचे भांडण शास्त्राशी नाही. आमचे भांडण हौसेशी आहे.

आमच्या एका मेहरूणकर स्नेह्यांकडे वडिलार्जित प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईत टॅक्सी म्हणून राबणारी पद्मिनी २०२३ साली सन्मानाने निवृत्त झाली; मेहरूणला मात्र तिला उतारवयात तालमीत घालायचे घाटते आहे. ‘‘भाऊ, एकदा पोर्ट-पॉलिश होऊ द्या, मग बघा पिकअप!’’ असे म्हणणारे हे गृहस्थ कारागिरापुढे गेले की विचारतात, ‘‘नुसतं घासायचे एवढे पैसे?’’

इथे आमचा पक्ष कारागिराचा. चारही सिलिंडरचे बोगदे सारखे व्हायला हवेत, आणि ते बोटाने चाचपून ठरवायचे. हात जरा जास्त चालला की भिंतीपलीकडे पाण्याची वाट लागते आणि अख्खे हेड भंगारात! जळगावात आपण सोनाराला घडणावळ देतोच ना? मग हीही घडणावळच. ती थोडी नाही आणि जास्तही नाही.

पण मजुरी ही बिलातली नुसती पहिली ओळ. हेड उतरले म्हणजे नवे गॅस्केट आले. व्हॉल्व्ह बसवून घेणे आले, फेसिंग आले, कार्ब्युरेटरचे जेट बदलणे आले, आणि तोवर घरच्यांचे रिक्षाभाडे. समजा, सगळे मिळून २० हजार झाले. गाडी महिन्याला ५०० किलोमीटर चालते. स्नेह्यांच्या शब्दाखातर अ‍ॅव्हरेज १५ धरू, पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. म्हणजे महिन्याचे पेट्रोल साडेतीन हजारांचे. घासल्यामुळे उदार मनाने पाच टक्के वाचले असे माना. किती झाले? १७५ रुपये. २० हजार वसूल व्हायला साडेनऊ वर्षे! आणि हे व्याज न धरता. बँकेच्या माणसाने व्याज सोडायचे, म्हणजे ब्राह्मणाने दक्षिणा सोडण्यासारखे.

त्यातून ते पाच टक्के मिळतीलच असे नाही. मोकळ्या श्वासाचा खरा फायदा इंजिन भन्नाट वेगाने फिरते तेव्हा. इच्छादेवी चौकातून मेहरूणला येताना ४४ अंशांच्या उन्हात, समोर ट्रॅक्टर, डावीकडे म्हैस, उजवीकडे रिक्षा, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये; तिथे कसला भन्नाट वेग? उलट बोगदे फार रुंद केले की कमी वेगात आतला प्रवाह मंदावतो आणि पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून बसतात. म्हणजे पिकअपसाठी पैसे मोजून आहे तोही पिकअप घालवायचा. आतला बोगदा आरशासारखा चमकवला तरी तिथे तोंड बघायला जाणार कोण?

चेन्नईजवळच्या शर्यतीच्या मैदानावर सेकंदाच्या तुकड्यावर हारजीत ठरते. तिथल्यांनी जरूर घासावे. मेहरूण तलावाला एक फेरी मारून बोरे घेऊन घरी येणाऱ्याने टॅपेट सेट करावेत, प्लग आणि कार्ब्युरेटर साफ करावेत, चाकांत हवा भरावी. शेपाचशेत... बरे, हजारात गाडी खूश. उरलेले १९ हजार मुलीच्या नावाने ठेवावेत. फॉर्म आम्ही भरून देऊ.

एवढ्यावरही ज्यांना घासायचेच असेल त्यांना एकच सांगणे. बँकेत चुकीची नोंद झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त करता येते. ग्राइंडरखाली गेलेल्या अ‍ॅल्युमिनियमची उलट नोंद अजून कोणत्याही खातेवहीत होत नाही.